अर्ध्या शटरखालचे पाय

भाव करताना जो आधी हलला तो गेला, हे मी मार्केट यार्डात शिकलो. पहाटे कोथिंबिरीच्या ढिगापुढं उभं राहायचं, आपला आकडा सांगायचा आणि तोंड मिटायचं. समोरचा हसतो, शपथा घेतो, पाठ फिरवतो, पुन्हा वळतो. आपण हलायचं नाही. वाशिमकडच्या गावातून मी पुण्यात आलो तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये ताटं विसळत होतो. आज त्याच बोळात माझी स्वतःची मेस आहे आणि ती या न हलण्यावर उभी राहिली आहे. त्यामुळे मत बदललं की मार्क देणारा एक विषय कॉलेजात निघालाय, हे ऐकलं तेव्हा मी हातातला झारा कढईवर आडवा ठेवला आणि म्हणालो, "हे ज्यानं काढलं त्याला एकदा माझ्याबरोबर बटाटे घ्यायला पाठवा."

"त्यानं नाही, तिनं. आमच्या मॅडम आहेत," समोरची मुलगी म्हणाली. "आणि अहो काका, नुसतं मत बदलून मार्क मिळत नाहीत. कशामुळे बदललं ते सांगावं लागतं."

ही मुलगी कोथरूडची. कॉलेज जवळ म्हणून दुपारचं माझ्याकडं जेवायची. तिकडच्या मुलींची एक पद्धत आहे, आपण मूर्ख आहोत हे त्या 'अहो' लावून सांगतात. तिच्याबरोबर रिसोडकडचा एक मुलगा होता, म्हणजे आमच्याच मुलखातला, पेठेत कॉट बेसिसवर राहणारा. दोघांचा गट. त्यांना एखाद्या खऱ्या धंद्यातली खरी अडचण शोधायची होती आणि सोडवून दाखवायची होती. पहिल्यांदा काय वाटलं, मग काय पाहिलं, मग काय वाटलं, हे सगळं वर्गापुढं सांगायचं.

"तर काका, तुमच्याकडे एखादी अडचण आहे का?"

"अडचण? घाऊक आहे. किती किलो देऊ?"

"एकच पुरे. पण चांगली पाहिजे," मुलगा म्हणाला.

मला तो तिथंच आवडला. पण फुकट मी कुणाला कढीपत्ताही देत नाही. मेथीची जुडी त्यांच्यापुढं टाकली आणि म्हणालो, निवडत निवडत विचारा. मुलीनं आधी काड्या ठेवल्या आणि पानं टाकली. मुलानं तिला शिकवलं.

माझी अडचण बोळाच्या पलीकडं बसली होती. मी झाऱ्यानंच दाखवली. समोरची मेस. ती चालवणारा माणूस माझा आचारी होता. माझ्याच गावचा. त्याला फोडणीत मोहरी किती तडतडू द्यायची इथपासून मी शिकवलं. आणि हा गडी एका रविवारी सकाळी निघून गेला. रविवारी मेसमध्ये दुपारी फीस्ट असते, हे पुण्यात शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. श्रीखंडाचा चक्का टांगलेला, पुऱ्यांची कणीक निम्मी भिजवलेली, आणि हा बॅग घेऊन गेला. ना राम राम, ना काही. त्या दिवशी पुऱ्या मी तळल्या. हातावरचे डाग गेले, पण राग गेला नाही. थोड्या दिवसांनी त्यानं माझ्यासमोरच शटर उघडलं, आणि वर रविवारी संध्याकाळीही चालू ठेवलं. पुण्यातली मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. पोरं वडापाव खातात, केळी खातात, एखाद्याच्या घरी टपकतात. हा नियम मोडून यानं माझी गिऱ्हाइकं पळवली, असं माझं म्हणणं होतं.

"त्यानं काय फरक पडला?" मुलीनं विचारलं.

मी त्यांना उठवून बाजूच्या हॉलमध्ये नेलं. ऐन जेवणाची वेळ आणि टेबलं रिकामी. पुढच्या खोलीत माणसं होती, पण हॉल नुसता पुसून ठेवलेला. हा हॉल म्हणजे माझा जीव. ज्या मेसमध्ये मी ताटं विसळायचो, ती याच हॉलमध्ये होती. मोरी कोपऱ्यात होती, तिथं आता हात धुवायचं बेसिन आहे. पुढं ती मेस बंद पडली आणि मी हा हॉल भाड्यानं घेतला, तेव्हा पहिल्या दिवशी मी त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून जेवलो होतो. पण आता हॉलचे मालक, वरच राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले, जिन्यात गाठून मला म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत सांगा. ठेवणार की सोडणार. एक क्लासवाले विचारतायत. त्यांच्याकडे निदान मुलं आहेत."

हॉल राहतो की जातो, एवढाच माझा प्रश्न होता. बाकी विचार वगैरे ज्याचा त्यानं करावा.

मुलीनं मेथीचे हात झटकले. "हे सोपं आहे. रविवारी संध्याकाळी मुलं तिकडे जातात आणि मग तिथलीच होतात. तुम्हीही उघडा."

"मी तेच म्हणतोय केव्हाचा!"

मुलगा म्हणाला, "तुम्हा दोघांना पटलं ना? म्हणूनच मला भीती वाटते. भाऊ, समजा तुमचं म्हणणं चूक आहे. तर आपल्याला काय दिसायला पाहिजे?"

"माझं म्हणणं चूक नाही."

"नाहीच. पण समजा."

"समजायचं कशाला बे? गिऱ्हाइकानं म्हणायचं, समजा हा भोपळा कडू आहे, आणि मी म्हणायचं, हो समजू?"

"मग फोड कापून दाखवा," तो म्हणाला.

हे उत्तर मला लागलं. यार्डात हेच करतात. कलिंगडवाला बोलबोल बोलतो, तेव्हा मी म्हणतो, काप. मी त्या पोराकडं जरा नीट पाहिलं आणि कबूल केलं. एक रविवार संध्याकाळी उघडू. हॉल भरला तर माझं खरं. ओस पडला तर माझं खोटं.

पण रविवार उघडायचा तर मावशींना विचारणं आलं. पोळ्यांच्या तव्यावर आमच्याकडं चारजणी आहेत आणि मावशी त्यांच्या म्होरक्या. कात्रजच्याही पुढच्या गावातून पहिल्या बसनं येतात. वयानं मोठ्या, माझ्यापेक्षा कडक.

"एकच रविवार, मावशी."

"एकच का? मंग पुढल्या रविवारी पुन्ना एकच म्हनाल."

"नाही म्हणणार. शपथ."

"शपथ नगं. सोमवारची सुट्टी द्या, सांजच्याला."

दिली. दुसऱ्या कुणाशी मी इतक्या लवकर हललो नसतो.

त्या रविवारी मी पाटोडीचा रस्सा केला. आमच्याकडचा, तर्रीदार, बेसनाच्या वड्या रश्श्यात सोडलेल्या. वास बोळाच्या तोंडापर्यंत गेला असणार. मी दारात उभा. पोरगा पाणी भरायला, मुलगी ताटं मांडायला. सात वाजले, साडेसात वाजले. एकटेदुकटे आले, तेही माझेच, रोजचे. पुढच्याच खोलीत बसले. हॉलमध्ये पंखे फिरत होते नुसते. मी रागानं समोर पाहिलं, की तिकडं तरी किती गर्दी आहे बघावं. तर तिकडंही तो आपला गल्ल्यावर जांभई देत बसलेला. त्याची अर्धी टेबलं रिकामी.

आणि माझ्या पाठीमागं टाळ्या वाजल्या.

"चुकलो!" मुलगी ओरडली. "पूर्ण चुकलो! रविवारचा संबंधच नाही!" आणि दोघांनी एकमेकांच्या हातावर हात मारला. एखादी मॅच जिंकावी तसा.

माझं डोकंच फिरलं. "माझा पातेलंभर रस्सा पडून आहे, मावशींचा रविवार गेलाय, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?"

"काका, सकाळपर्यंत आपल्याला जे माहीत नव्हतं ते आता नक्की माहीत आहे," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. मला खोटं बोलता येत नाही, त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. मी चुकलो की माझ्या कानशिलातून वाफ निघते. ही चुकली तर हिला नवीन कपडे मिळाल्यासारखं झालं होतं. चूकही तिचीच होती, उघडा उघडा म्हणून तीच मागं लागली होती.

मुलगा तोवर बाकावर बसून रस्सा ओरपत होता. खाता खाता म्हणाला, "भाऊ, तो समोरचा गेला कधी?"

"संक्रांतीनंतर."

"आणि हॉल रिकामा कधीपासून?"

"हे वर्ष सुरू झालं तेव्हापासून. जुलै, ऑगस्ट."

"मग मधले महिने?"

"मधले महिने भरलेला असायचा. विष हळूहळू चढतं."

"विष, की दुसरंच काही?"

मी पातेल्यावर झाकण आपटलं. मग त्यानं भलतंच काढलं. त्यांच्या वर्गात एक रीत आहे. अडलं की ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या जागी बसायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. थट्टा करायची नाही. तो स्वतः बोलला असता तसं, मनापासून. "तुम्ही पाच मिनिटं समोरचे काका व्हा," तो म्हणाला. "मी का गेलो, ते सांगा."

मी काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. सुरुवात 'ऊठ बे' अशी होती. त्याची बॅग मीच उचलून दाराबाहेर ठेवली. मुलीला म्हणालो, तुझ्या मॅडमना सांग, शिळ्या रश्श्यावर मार्क द्या. मावशी तव्यामागून बघत होत्या. मुलगी पायरी उतरताना म्हणाली, "काका, विचार करून सांगा."

विचार करून सांगतो! गिऱ्हाईक हे म्हणालं की समजायचं, गेलं. माझ्या उभ्या आयुष्यात विचार करून सांगायला कुणी परत आलेलं नाही.

ती मात्र आली. मंगळवारी. आम्ही दुपारी दोन वाजता शटर अर्धं ओढतो आणि आतली माणसं जेवायला बसतात, मी, मावशी, बाकीच्या तिघी. खाली जमिनीवर, शटरकडं तोंड करून, म्हणजे वारा येतो. मी ताटं विसळायचो तेव्हापासूनची सवय. तर ही वाकून, शटरखालून आत आली.

"बंद आहे," मी म्हणालो.

"दिसतंय. मी भांडायला आलेय, जेवायला नाही. मंगळवारी माझं प्रॅक्टिकल उशिरा सुटतं."

"उपाशी का भांडतीस?" मावशी म्हणाल्या. "बस हितं." आणि ताट लावलं.

ती मांडी घालून माझ्याशेजारी बसली. तिनं मुलाच्या वतीनं माफी मागितली नाही. म्हणाली, प्रश्न बरोबर होता, वेळ चुकली. मी म्हणालो, वेळ नाही, माणूस चुकला. असं आमचं चाललेलं, आणि एकदम ती थांबली. घास हातात. बघतेय शटरकडं.

"ते कोण?"

"कोण?"

"ते पाय."

अर्ध्या शटरखालून बोळाची फरशी दिसते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसतात. दोन जोड्या बूट आले होते, एक जोडी चपला. शटरसमोर थांबले. टाचा उचलल्या गेल्या, बहुतेक कुणीतरी वाकून पाहायचं की नाही ते ठरवत होतं. मग चवडे वळले आणि तिघं पलीकडं गेले.

"रोजचंच आहे," मी म्हणालो. "समोर जातात. हरामखोर."

"समोर गेले ते खरंय," ती हळूच म्हणाली. "पण आधी इथे थांबले. समोरच जायचं असतं तर इथे थांबले कशाला असते?"

मी तोंडातला घास गिळायचा विसरलो. तेवढ्यात आणखी पाय आले. मुलींच्या सॅंडल्स, चार. थांबल्या. वळल्या. गेल्या. मग एकटाच एक, पायात बिनमोज्यांचे बूट, तो तर बराच वेळ उभा राहिला. हे पाय मी महिनोन्‌महिने बघत होतो. रोज जेवताना. आणि रोज त्यांना शिव्या देत होतो. मला ते जाताना दिसायचे. येताना कधी दिसले नव्हते.

मी उष्ट्या हातानं उठलो, शटर खाडकन वर केलं आणि त्या एकट्याला हाक मारली. तो बिचारा दचकला.

"काय पाहिजे?"

"काही नाही काका. जेवायला आलो होतो. बंद आहे ना?"

"मग विचारायचं नाही का?"

"शटर अर्धं होतं," तो म्हणाला, जणू त्यात सगळं आलं.

आणि आलंच होतं. पुण्यात अर्ध्या शटरला कुणी प्रश्न विचारत नाही. विचारलं तर काय ऐकून घ्यावं लागतं ते ज्याला माहीत आहे तो मुकाट पुढं जातो, आणि जे बाहेरून शिकायला येतात तेही पहिल्या महिन्यात हे शिकतात. त्या मुलानं सांगितलं, यंदा त्यांचं टाइमटेबल बदललंय. लेक्चर सकाळी, मग प्रॅक्टिकल, ते दोनच्या पुढं सुटतं. गेल्या वर्षी एकला सुटायचं. माझा हॉल भरायचाच मुळी दीडच्या सुमाराला, पुढची खोली भरली की. ती दीडची माणसं आता अडीचला येत होती आणि माझं शटर बघून जात होती. नवे तर एकदाच आले असणार, ते कायमचे तिकडचे झाले. समोरचा साडेतीनपर्यंत उघडा असतो. रविवारी नाही, त्यानं रोजच्या दुपारी हॉल रिकामा केला होता, तेही काही न करता. आणि माझ्या ह्या दोन पंडितांना हे ठाऊक नव्हतं, कारण हिचं प्रॅक्टिकल फक्त मंगळवारी उशिरा आणि त्याची बॅच सकाळीच मोकळी.

मला इतका आनंद झाला की मी त्या अनोळखी पोराला दंडाला धरून आत आणलं आणि पाटावर बसवलं. मावशींना म्हणालो, वाढा. मुलीला म्हणालो, जिंकलीस तू, हॉल वाचला, फोन कर त्या पोराला, बोलव.

तर ही उलटली. "थांबा काका."

"आता काय?"

"ही गोष्ट आपल्याला आवडली आहे. रविवारही आवडला होता."

तिचं म्हणणं, हे खरं असेल तर शनिवारी हे पाय दिसता कामा नयेत, कारण शनिवारी प्रॅक्टिकल नसतं. शनिवारीही तेवढेच दिसले तर पुन्हा आपण चुकलो. मला वाटलं हिच्या डोक्यात हाणावं ताट. हातात आलेली गोष्ट कोण असं स्वतःच हिसकावून घेतं? पण खरं सांगायचं तर शनिवारची मी जितकी वाट पाहिली, तितकी मॅट्रिकच्या निकालाचीही पाहिली नव्हती. मधल्या दिवसांत पाय येतच राहिले. शनिवारी दोनला शटर अर्धं ओढून आम्ही सगळे ओळीनं बसलो, दोघंही पोरं होती, आणि कुणाचं जेवणात लक्ष नाही. एक कुत्रं येऊन गेलं. एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली, न थांबता. पोस्टमन गेला. बस.

"न्हाई आलं कोन," मावशी म्हणाल्या, आणि या वेळी टाळ्या मी वाजवल्या.

आता शटर वर ठेवायचं, एवढंच राहिलं होतं. म्हणजे मला तसं वाटलं. मावशींनी ताट बाजूला सारलं. "आन् आमी कवा जेवायचं?"

"मागं बसून जेवा. एकेकीनं."

"एकेकीनं जेवाया आमी काय परक्या हाय का?"

मी तोंड उघडणार, तोच रिसोडवाला पोरगा मध्ये पडला. रविवारी हाकलला होता तरी त्याची खोड गेली नव्हती. "भाऊ, आता जागा बदला. हे तर समोरचे काका नाहीत. या तर आपल्या मावशी आहेत. तुम्ही मावशी व्हा, मावशी मालक होतील."

मावशींना ते भयंकर आवडलं. माझ्या गल्ल्याच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, पदर कमरेला खोचला आणि माझ्याच आवाजात, "काय बायांनो! दोन वाजल्यापास्नं गिळायलाय! उठा, गिऱ्हाईक हाय!" तिघी तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. मुलगी भिंतीला टेकली.

मी तव्याजवळच्या पाटावर बसलो. थट्टाच करणार होतो. पण भाव करायची वेळ आली की मला थट्टा जमत नाही, मग बाजू कुठलीही असो.

"मालक," मी म्हणालो, "पहिल्या बसनं येते मी. सकाळपासून तव्यापुढं आहे. मला एकदाच जेवायचं असतं, सगळ्यांबरोबर, बसून. ताटावरून उठणार नाही."

"मंग दुकान बंद करू व्हय?"

"बंद कशाला? आम्हाला आधी जेवू द्या. साडेअकराला. गर्दी व्हायच्या आधी."

"साडेअकराला भूक लागती का कुनाला?"

"पहाटे उठलेल्याला लागते. आणि जमिनीवर नाही. हॉलमध्ये. टेबलावर."

मावशी अडखळल्या. मी सोडलं नाही. समोरचा अडखळला की सोडायचं नसतं. "आणि दुपारी शटर वर राहणार, तर तव्यावर आळीपाळीनं एकच जण. बाकीच्यांनी पाय पसरायचे. आणि संध्याकाळी तासभर उशिरा यायचं."

"तासभर?" मावशी म्हणाल्या. "अर्धा."

"तास."

"बरं, तास. पन रविवारी सांजच्याला बोलवनार न्हाई, ह्ये बी घाला त्यात."

"अहो मावशी, तुम्ही मालक आहात!" मुलगा ओरडला. "तुम्ही कशाला मागताय?"

तोवर उशीर झाला होता. मी सगळं मिळवलं होतं आणि ते सगळं मलाच द्यायचं होतं. माझ्याकडून इतकं आजवर कुणीही काढलेलं नाही. यार्डातल्या एकाही अडत्याला ते जमलेलं नाही. मी पाटावर बसून हसत होतो आणि माझ्या हातात माझीच मान होती. पण तो सौदा टिकला. बायका साडेअकराला हॉलमध्ये जेवतात आणि साडेतीनपर्यंत तवा तापलेला असतो. सौद्यात दोन्ही बाजू आतून बघितल्या की पुन्हा कटकट होत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी आपला एकाच बाजूनं जोर लावायचो.

दिवाळीच्या आधी जिन्यात मालक भेटले. हॉलमधून ताटांचा आवाज त्यांच्या मजल्यापर्यंत जात होता.

"काय ठरलं?"

"हॉल ठेवतोय."

"नीट विचार केलात?"

"केला."

"आश्चर्य आहे," म्हणाले आणि वर गेले.

पोरांनी त्यांचं वर्गात सांगितलं. मार्क किती पडले विचारलं तर मुलगी म्हणाली, "अजून मॅडमशी भाव चाललाय." मी म्हणालो, आधी हलू नकोस. ती म्हणाली, "काही नवीन कळलं तर हलेन." बघा आता.

राहिला समोरचा. राग गेला असं मी म्हणणार नाही. पण त्याचं काय झालं ते सांगतो. इतके दिवस माझ्याकडं त्याच्याविरुद्ध मोठा गठ्ठा होता. गिऱ्हाइकं पळवली, रविवार मोडला, हॉल ओस पाडला. यातलं एकेक काढून पाहिलं तर त्यात त्याचा गुन्हा काहीच नव्हता. उरली ती निम्मी भिजवलेली कणीक. तो सांगून गेला नाही. बस, तेवढंच. पण ते पूर्ण वजनाचं उरलं, एक गुंज कमी झालं नाही.

परवा मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला हॉलमध्ये बसायला जागा नव्हती, म्हणून मी दारात जरा वाऱ्याला उभा होतो. तोही त्याच्या दारात होता. किती दिवसांनी आमची नजर भेटली.

"शटर वर, भाऊ?" त्यानं विचारलं.

"वर."

"रविवारी संध्याकाळी?"

"बंद."

तो मान हलवून आत वळायला लागला. मीच बोललो. बोळ एवढा अरुंद आहे की ओरडायलाही लागलं नाही.

"सांगून जायचं होतंस."

तो थांबला. हात पुसायचं फडकं त्यानं खांद्यावरून काढून पुन्हा खांद्यावर टाकलं. "सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का तुम्ही?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. माझं नेहमीच असतं. पण मागून मुलगी ओरडत होती, काका, रस्सा संपला, आणि बोळाच्या तोंडाशी प्रॅक्टिकलवाल्यांचा आणखी एक घोळका वळत होता.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

तो हसला. त्याला त्या शब्दांचा भाव मीच शिकवलेला. "म्हणजे नाही सांगणार."

"सांगणार," मी म्हणालो, आणि पातेलं बघायला आत गेलो.